काठावरच्या बायका



हा अंक तुमच्या हातात पडेल तेव्हा मुलांच्या परीक्षा संपलेल्या असतील आणि 'या सुट्टीत कुठं जायचं' हा विषय घरोघर निघालेला असेल. आमच्या नारायण पेठेतल्या कचेरीतही तो निघाला. एरवी आमच्या आठवड्याच्या बैठकीत पोटगीचे अर्ज, कोर्टाच्या तारखा, घराबाहेर काढलेल्या बाईचं अडकून पडलेलं सामान, असेच विषय असतात. त्या दिवशी चहा झाल्यावर एक मैत्रीण म्हणाली, "वर्षभर दुसऱ्यांच्या घरातली भांडणं सोडवतो. एकदा आपापली घरं घेऊन दोन दिवस कुठंतरी जाऊ या. तंबूत राहू, पाण्यात डुंबू, रात्री चांदणं बघू." सगळ्यांनी एका आवाजात 'हो' म्हटलं. इतक्या पटकन एकमत आमच्या बैठकीत सहसा होत नाही.

संपादकीयात सहल कशाला, चळवळीचे विषय संपले की काय, असं तुमच्यापैकी कुणी विचारील. आम्हालाही आधी हा खाजगी मौजेचा मामला वाटला होता. पण सहल आखायला बसलो आणि एकेक गोष्ट अशी बाहेर येऊ लागली, की ती तुमच्यापुढे ठेवल्याशिवाय राहवेना.

जागा ठरली भंडारदरा. पुण्याहून नारायणगाव, आळेफाट्यावरून गेलं की पावणेदोनशे किलोमीटरच्या आसपास. कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याचा हा परिसर. प्रवरेवरचं विल्सन धरण १९२६ साली पूर्ण झालं, त्याच्या मागे डोंगरांत पसरलेला जलाशय. काठावर गावातलेच लोक तंबू लावून देतात, पिठलं-भाकरी करून घालतात. मेअखेरीला आणि जूनच्या सुरुवातीला तिथं झाडंच्या झाडं काजव्यांनी लखलखतात. मुलांना काजवे दाखवायचे, म्हणून मेचा शेवटचा आठवडा धरला.

मग कामांची यादी करायला फळा घेतला. गाडी ठरवणं. मुलांचे कपडे, अंथरुणं, औषधं. सासूबाईंच्या गोळ्या. वाटेत खायला दशम्या, चटणी, लाडू. पिण्याचं पाणी. दूधवाल्याला आणि पेपरवाल्याला सांगणं. घरी मागे राहणाऱ्यांचा दोन दिवसांचा स्वयंपाक. कुंड्यांना पाणी. ओल्या कपड्यांसाठी पिशव्या. परत आल्यावरचं धुणं. फळा भरला तेव्हा प्रत्येक कामापुढे करणाऱ्याचं नाव लिहिलं. पुरुषांच्या वाट्याला तीन कामं आली होती: गाडी ठरवणं, सामान गाडीत चढवणं आणि फोटो काढणं. बाकी सगळा फळा आमच्याच नावांनी भरलेला. आणि ही नावं कुठल्या सासूने किंवा नवऱ्याने लिहिली नव्हती. आमच्याच हाताने, कुणी न सांगता, लिहिली होती. व्यासपीठावरून घरकामाच्या वाटणीबद्दल बोलणाऱ्या आम्ही बायका फळ्याकडे बघत बसलो.

यात आश्चर्य काही नाही. २०१९ साली देशभर झालेल्या वेळ-वापराच्या सरकारी पाहणीत दिसलं, की घरातलं बिनमोल काम करणाऱ्या बायका दिवसाचे सरासरी २९९ मिनिटं त्यात घालवतात. असं काम करणारे पुरुष ९७ मिनिटं देतात. आणि त्या दिवशी घरकामाला मुळात हात लावणाऱ्या पुरुषांचं प्रमाण शंभरात २६ होतं, बायकांचं ८१. म्हणजे रोजचे पाच तास. सहलीला निघताना हे पाच तास घरी ठेवून जाता येत नाहीत, ते पिशवीत घालून सोबत न्यावे लागतात. फक्त ओटा बदलतो. घरी गॅस असतो, तिथं तीन दगडांची चूल.

फळा पुसून नावं पुन्हा लिहिली. या वेळी घरच्या पुरुषांना बोलावून, त्यांच्यासमोर. थोडी कुरकुर झाली, थोडी चेष्टा झाली, पण वाटणी झाली. ती कितपत पाळली जाते ते पुढच्या अंकात कळवू. आज सांगायचं आहे ते वेगळंच.

फळ्यावर अगदी शेवटी एक काम उरलं होतं: 'पोरं पाण्यात असताना लक्ष ठेवणं.' एक भाऊ सहज म्हणाले, "त्यात काय लिहायचं? आम्ही पोरांना घेऊन पाण्यात उतरू. तुम्ही बायका काठावर बसालच की." कुणालाच त्यात काही वावगं वाटलं नाही. आतापर्यंतच्या प्रत्येक सहलीत असंच तर झालेलं. पुरुष आणि मुलं पाण्यात. बायका काठावर, मांडीवर टॉवेल, शेजारी चपलांचा ढीग, सगळ्यांची घड्याळं आणि चष्मे पदरात. पण आमच्यातल्या सगळ्यांत लहान कार्यकर्तीने एक साधा प्रश्न विचारला, "आपल्यापैकी पोहता कितीजणींना येतं?"

आम्ही चौदाजणी होतो. दोन हात वर झाले.

जिला पोहता येत नाही ती बुडणाऱ्या मुलावर लक्ष कसलं ठेवणार? ती ओरडेल. आणि ओरडून कुणी आलं नाही, तर आई आहे म्हणून साडीसकट पाण्यात उडी घेईल. मग एकाऐवजी दोघं जातील. आपण ज्याला राखण म्हणतो ती राखण नव्हेच. पाण्याशी ओळखच नसलेल्या माणसाला आपण पाण्याचा पहारेकरी नेमतो, आणि पुढे काही झालं की 'आईचं लक्ष कुठं होतं' असंही आपणच विचारतो.

हे भीती घालण्यासाठी लिहीत नाही. ३० जून २०२४ ला लोणावळ्याच्या भुशी धरणामागच्या धबधब्यात वर्षासहलीला गेलेल्या पुण्याच्या कुटुंबातली एक बाई आणि चार मुलं एकदम वाढलेल्या लोंढ्यात वाहून गेली. एकमेकांना घट्ट धरून प्रवाहाच्या मधोमध उभ्या असलेल्या त्या माणसांचं चित्रीकरण आपल्यापैकी बहुतेकींनी पाहिलं आहे. त्याच्या आदल्या वर्षी, मे २०२३ मध्ये, खडकवासल्याच्या जलाशयात गोऱ्हे खुर्दजवळ नऊ मुली पाण्यात उतरल्या. सातजणींना गावकऱ्यांनी वाचवलं, दोघी गेल्या. १ फेब्रुवारी २०१६ ला मुरूडच्या समुद्रात पुण्याच्या कॉलेजच्या सहलीतली चौदा मुलं बुडाली, त्यांत मुलीच अधिक होत्या. लोंढ्यापुढे आणि भरतीपुढे पट्टीचा पोहणाराही टिकत नाही, हे खरं. पण पाणी कधी उतरण्याजोगं असतं आणि कधी नसतं, हे कळण्यासाठीसुद्धा पाण्याशी परिचय लागतो. तोच आपल्याकडे मुलींना कुणी करून देत नाही.

इथं एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाप्रमाणे २०२१ साली जगात सुमारे तीन लाख माणसं बुडून मेली, आणि त्यांत बायकांपेक्षा पुरुष जास्त होते. साहजिकच आहे, पाण्याजवळ मौजेला, मासेमारीला, पैजेला पुरुष जास्त जातात. म्हणून 'बायका पाण्यापासून लांबच बऱ्या' असा निष्कर्ष कुणी काढील. पण पाणीच जेव्हा घरात येतं तेव्हा काय होतं? २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीत इंडोनेशियाच्या आचे प्रांतात, श्रीलंकेत आणि आपल्या तामिळनाडूच्या कडलूरकडच्या बऱ्याच गावांत मेलेल्यांत बायका पुरुषांपेक्षा कितीतरी जास्त होत्या. त्या घरात होत्या, किनाऱ्यावर होड्यांची वाट बघत होत्या, कडेवर मुलं होती, अंगावर पायात अडकणारे कपडे होते. आणि पोहायला, झाडावर चढायला त्यांना कधी कुणी शिकवलं नव्हतं. पाण्यापासून लांब ठेवलेली बाई पाण्यापासून सुरक्षित नसते.

हे पुण्याच्या पेठांना नव्याने सांगायला नको. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं आणि मुठेचं पाणी याच गल्ल्यांतून शिरलं. आमच्या कचेरीपासून नदी चालत पाच-सात मिनिटांवर आहे. जुन्या पिढीतले पुरुष नदीत पोहायला कसे शिकलो, पुलावरून उड्या कशा मारल्या, हे रंगवून सांगतात. त्याच वाड्यांतल्या त्यांच्या बहिणींना विचारलं तर त्या सांगतात, नदीवर जायचो ते धुणं घेऊन किंवा वाण घेऊन. नदी एकच, पण भावाला तिच्यात खेळ दिसत होता आणि बहिणीला काम. आज त्या पाण्यात कुणीच उतरू शकत नाही इतकं आपण ते घाण केलं आहे, हा वेगळा विषय.

हात वर करणाऱ्या आमच्या दोघींचं बघा. एक सातारा जिल्ह्यातली. पाठीला वाळका भोपळा बांधून वडिलांनी मळ्यातल्या विहिरीत सोडलेलं. आठव्या वर्षी ती भावांच्या बरोबरीने मुटका मारायची. दुसरी कोकणातली, खाडीत शिकलेली. दोघींनाही विचारलं, शेवटचं कधी पोहलात? दोघींचं उत्तर एकच आलं: न्हाण आलं आणि पोहणं सुटलं. ज्या शब्दाचा अर्थच अंघोळ, त्याच शब्दाने मुलीचं पाणी बंद व्हावं! भाऊ मात्र त्याच विहिरीत पोहत राहिले.

पुढे बाईचं पाण्याशी नातं काय उरतं? हंडा, कळशी, घागर. शेंदणं, भरणं, उकळणं, गाळणं. धुणी-भांडी, पोरांच्या अंघोळी. टाकी भरली की नळ बंद करायला उठणं. आमच्या चळवळीने मृणालताई गोऱ्यांना प्रेमाने 'पाणीवाली बाई' म्हटलं, कारण पाण्याचा प्रश्न हा बाईचा प्रश्न आहे हे त्यांनी रस्त्यावर उतरून मांडलं. पण पाणी भरण्यासाठी जिची हाडं झिजतात, तिला त्या पाण्यावर पाठ टेकून आकाशाकडे बघत पाच मिनिटं पडून राहण्याचा हक्क आहे, असं म्हणायला आपण विसरलो.

आणि एक नातं असं, की ते लिहिताना हात जड होतो. आपल्या भाषेत 'विहीर जवळ केली' असं म्हणतात आणि ते बाईबद्दलच म्हणतात. ऐंशीच्या दशकात आमच्या आधीच्या कार्यकर्त्या गावोगाव जात तेव्हा 'पाणी शेंदताना पाय घसरला' हे वाक्य त्यांनी किती पंचनाम्यांत वाचलं! पाय घसरला की ढकलली की तिनेच उडी घेतली, हे शोधण्यासाठी त्यांनी पोलीस ठाण्याच्या पायऱ्या झिजवल्या. सासरच्या जाचाने जिचं जगणंच नको झालं तिला पोहता येऊन काय फरक पडणार होता, असं कुणी म्हणेल. खरं आहे, पोहणं हे छळावरचं औषध नव्हे. पण भावाला जी विहीर पोहायला शिकवते ती बहिणीच्या डोळ्यांसमोर फक्त दोनच कामांसाठी का उभी राहावी, एक पाणी काढायला आणि दुसरं जीव द्यायला? या प्रश्नाचं उत्तर आपल्याला द्यावं लागेल.

बायकांचं शरीरच पोहण्याजोगं नाही, असं तर कुणी आता म्हणू शकत नाही. ६ ऑगस्ट १९२६ ला अमेरिकेच्या गर्ट्रूड एडर्लीने इंग्लिश खाडी पोहून पार केली, ती तोवरच्या सगळ्या पुरुषांपेक्षा कमी वेळात. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिम्पिकला मुंबईची डॉली नझीर आणि कलकत्त्याची अवघी अकरा वर्षांची आरती साहा पोहायला गेल्या; पुढे २९ सप्टेंबर १९५९ ला आरती साहा इंग्लिश खाडी पोहून जाणारी पहिली आशियाई स्त्री ठरली. १९९४ साली मुंबईच्या रूपाली रेपाळेने बाराव्या वर्षी तेच केलं. पण या झाल्या विक्रम करणाऱ्या. आमचा आग्रह विक्रमासाठी नाही. पंचेचाळीस वर्षांच्या, गुडघे दुखणाऱ्या, पोट सुटलेल्या बाईला वीस फूट पोहता यावं आणि दोन मिनिटं पाण्यावर तरंगता यावं, एवढाच आहे.

मग बायका तलावावर का जात नाहीत? आम्ही आपापसांत विचारलं तेव्हा कारणं भराभर निघाली. बायकांची बॅच असते ती नेमकी अशा वेळी, की डबे, शाळा आणि नोकरी यांतून ती कुणालाच साधत नाही. सकाळची थंड, रिकामी वेळ दुसऱ्यांची. एका मैत्रिणीला पैसे भरल्यावर कळलं, की स्पर्धा किंवा दुरुस्ती आली की आधी बायकांचाच तास रद्द होतो. शिकवायला बाई नाही. कपडे बदलायच्या खोलीला कडी नाही. पोहण्याच्या पोशाखात मांड्या दिसतात. आणि अंग झाकणारा पोशाख घालून गेलेल्या आमच्या मुसलमान मैत्रिणीला 'हे इथं चालत नाही' म्हणून परत पाठवलं गेलं. म्हणजे उघडं अंगही चालत नाही आणि झाकलेलंही चालत नाही. पाळीचे दिवस. केस वाळायला लागणारा वेळ. फी. आणि सगळ्यांत मोठं कारण, जे सगळ्यांत शेवटी आणि हळू आवाजात निघालं: "या वयात लोक हसतील."

फीचं कारण छोटं समजू नका. पाण्याला कोण शिवू शकतं आणि कोण नाही, याचा या महाराष्ट्राला मोठा इतिहास आहे. २० मार्च १९२७ ला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी महाडच्या चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं. त्याच वर्षी डिसेंबरात महाडलाच भरलेल्या परिषदेत त्यांनी बायकांनाही उद्देशून भाषण केलं. सार्वजनिक पाणी सर्वांचं, हे तिथं ठणकावून सांगितलं गेलं. आज तलावावर पाटी नसते, पण वार्षिक वर्गणीचा आकडा असतो, सभासदाची शिफारस असते. वस्तीतल्या मुलीला हे कुंपण दिसत नाही असं नाही. म्हणून आमची मागणी आहे ती महापालिकेच्या तलावांबद्दल. बायकांसाठी सकाळची किंवा संध्याकाळची सोयीची वेळ, शिकवायला आणि जीवरक्षक म्हणून बाई, अंग झाकणाऱ्या पोहण्याच्या पोशाखाला मुभा, वस्तीतल्या मुलींना परवडेल अशी फी. आणि महापालिकेच्या शाळांतल्या मुलींना चौथी-पाचवीतच पोहणं शिकवायचं, न्हाण येण्याआधी. अर्जाचा मसुदा कचेरीत तयार आहे. आपापल्या गावच्या नगरपालिकेसाठी तो हवा असेल तर पत्र टाका.

आता सहलीचं काय ठरलं ते सांगतो.

पहिलं, मेमधली सहल पुढे ढकलली, डिसेंबरात नेली. काजवे यंदा हुकतील. मुलं रुसली, पण त्यांना कारण सांगितलं तेव्हा एक दहा वर्षांचा मुलगा म्हणाला, "मग आईला मी शिकवतो."

दुसरं, चौदापैकी अकराजणींनी पोहण्याच्या वर्गात नाव घातलं आहे. तिघींना दुखण्यांमुळे जमणार नाही. वर्गाच्या तासाला घरची कामं कोण करणार, हेही फळ्यावर लिहिलं आहे. पहिल्याच आठवड्यात आम्हाला कळलं, की पोहणं म्हणजे हातपाय मारणं नव्हे. आधी तोंड पाण्यात घालून श्वास सोडायला शिकायचं, मग अंग सैल सोडायचं. आमच्यातली जी बाई कुठल्याही पोलीस अधिकाऱ्यासमोर डगमगत नाही, तिला अंग सैल सोडायला सगळ्यांत जास्त दिवस लागले. वर्षानुवर्षं आक्रसून बसायची सवय. ज्या दिवशी ती पहिल्यांदा पाठीवर तरंगली त्या दिवशी बाहेर येऊन बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "मला कुणीतरी उचलून धरलंय असं लहानपणानंतर पहिल्यांदाच वाटलं."

तिसरं, आणि यावर सगळ्यांत जास्त वाद झाला: धरणाच्या पाण्यात कुणीही उतरायचं नाही. पोहता येणाऱ्यांनीसुद्धा. पोहायचं ते पुण्यातच, तलावावर, सगळ्या कुटुंबांनी एक रविवार मिळून. भंडारदऱ्याला पाणी बघायचं. धरणाचं पाणी वरून शांत दिसतं. खाली बुडालेली शेतं, बांध, विहिरी, झाडांचे बुंधे असतात. पाऊल टाकावं तर एकदम खोल, टाकावं तर गाळ. "मग सहलीत मजा काय?" एका नवरोबांनी विचारलं. त्यांची बायको म्हणाली, "वीस वर्षं मी काठावर बसले. एकदा तुम्ही बसून बघा."

चौथं, पाण्याजवळ जाताना काही गोष्टी प्रत्येकाने, पुरुषांनीसुद्धा, पाठ करायच्या. त्या तुमच्या गटातही सांगा. लहान मूल पाण्याशी असेल तर एक मोठं माणूस हाताच्या अंतरावर, आणि ते माणूस ठरवून नेमलेलं. सगळे बघताहेत म्हणजे कुणीच बघत नाही. हवेची ट्यूब हे खेळणं आहे, आधार नव्हे. बुडणारा माणूस बहुधा ओरडत नाही, त्याला श्वासच पुरत नाही. गप्प झालेल्या मुलाकडे बघा. बुडणाऱ्याकडे झेप घेऊ नका. काठी, दोर, ओढणी, लुगडं, तरंगणारा रिकामा कॅन, हाताशी येईल ते फेका. ऑगस्ट २०२० मध्ये तामिळनाडूच्या पेरंबलूर जिल्ह्यात कोट्टराई इथं तिघी बायकांनी चार मुलं बुडताना पाहिली. त्यांनी मागचा पुढचा विचार न करता अंगावरच्या साड्या सोडून मुलांकडे फेकल्या आणि दोघांना ओढून काढलं. दोघं गेले. ज्या वस्त्राने आपल्याला काठावर बसवून ठेवलं, त्याच वस्त्राचा त्यांनी दोर केला. आणि लाज कशात आहे आणि कशात नाही, हेही दाखवून दिलं. बाहेर काढलेल्या माणसाला उलटं धरून पाणी काढत बसू नका. श्वास नसेल तर लगेच तोंडाने श्वास द्या, छातीवर दाब द्या, आणि त्याच वेळी कुणाला तरी वाहन आणायला पाठवा.

पाचवं, आपली सुट्टी दुसऱ्या बाईच्या पाठीवर लादायची नाही. तिथं भाकऱ्या थापणार त्या महादेव कोळी समाजातल्या बायका. ज्या मुलखात एवढं मोठं धरण, त्याच अकोले तालुक्याच्या वरच्या वाड्यांतून उन्हाळ्यात बायका हंडे घेऊन चालतात. धरणाचं पाणी खाली उसाला जातं. तेव्हा जेवणाच्या दरात घासाघीस करायची नाही. पैसे शक्यतो भाकरी करणाऱ्या बाईच्या हातात द्यायचे. ताटं आपली आपण घासायची, पुरुषांनी आधी. पाणी जपून वापरायचं. अभयारण्यात कुठं थांबता येतं, हे वन विभागाला आधी विचारायचं. आणि वाटेत दर दोन तासांनी स्वच्छ संडास असलेल्या जागी गाडी थांबवायची. 'प्रवास आहे म्हणून पाणीच पीत नाही' हे वाक्य या सहलीत कुणा बाईने म्हणायचं नाही. त्यासाठी मुंबईच्या कार्यकर्त्या २०११ पासून 'राइट टू पी' म्हणून झगडताहेत. आपण निदान गाडी थांबवू शकतो.

त्याच मुलखात महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर आहे, १६४६ मीटरचं कळसूबाई. ही कळसू कोण, हे आम्हाला आमच्या एका मैत्रिणीने जुन्या गॅझेटियरमधून वाचून दाखवलं. कळसू कोळ्याची पोर, रानावनात भटकायची आवड असलेली. डोंगराच्या पायथ्याच्या इंदोर गावात एका घरी ती कामाला राहिली, पण अट घालून: भांडी घासणार नाही, झाडलोट करणार नाही. काही दिवस सुरळीत गेले. मग एक दिवस घरातल्या कुणीतरी तिला भांडी घासायला आणि केर काढायला सांगितलं. तिने ते केलं. आणि मग सरळ डोंगर चढून वर गेली ती पुन्हा खाली आली नाही. लोकांनी तिची देवी केली.

ही कथा ऐकल्यावर बैठकीत हशा झाला, पण एकजण म्हणाली, "तिला वर एकटीलाच जावं लागलं ना?" तेही खरं. अट मोडली गेली तेव्हा कळसूसमोर दोनच वाटा होत्या, मुकाट्याने भांडी घासत राहणं नाहीतर सगळं सोडून निघून जाणं. आपल्यापैकी पुष्कळजणींनी यांतली एक ना एक वाट धरली आहे आणि दोन्हींची किंमत मोजली आहे. आम्हाला तिसरी वाट हवी आहे. माणसं सोबत हवीत, मुलं हवीत, हसणं-खिदळणं हवं, आणि घातलेली अटही पाळली जायला हवी. डिसेंबरात आम्ही शिखरावर जाणार आहोत. गुडघे साथ देतील त्या वरपर्यंत, बाकीच्या पायथ्याच्या बारी गावापर्यंत. तिथं खाली थांबणाऱ्यांकडे चपला आणि पिशव्या सांभाळायला द्यायच्या नाहीत, असंही ठरलं आहे.

तुमच्या गावात मुलींना पोहायला कोण शिकवतं? विहिरीत, ओढ्यात, खाडीत पोहलेल्या आणि पुढे पोहणं सुटलेल्या मैत्रिणी तुमच्या गटात किती आहेत? पुढच्या बैठकीत एकदा हात वर करायला सांगा आणि मोजा. आकडा आणि अनुभव, दोन्ही आम्हाला लिहून पाठवा. पुढच्या अंकात काही पानं त्यासाठी राखून ठेवली आहेत.

तुमच्या पत्रांची वाट पाहतो आहोत.

— संपादक मंडळ